बर्गरमध्ये काय घालायचं, किती घालायचं आणि कशावर काय ठेवायचं?

रविवारचा_तवा

पॅटी आता मनासारखी जमते. गाडी अडते ती वरच्या सगळ्या सरंजामावर. नेमक्या अडचणी लिहितो.

खालचा बन पाच मिनिटांत भिजून फाटतो, सॉस कमी केला तरी तेच. टोमॅटो आणि कांदा पहिल्याच घासाला मागून बाहेर येतात. चीज एकतर वितळतच नाही, नाहीतर तेल सोडतं. विकतचा बर्गर सॉस फार गोड लागतो, घरी करायचा तर प्रमाण काय घ्यायचं? अंडं न घालता मेयो होतो का?

पॅटी कधी खिम्याची असते, कधी चिकनची, कधी राजम्याची किंवा बटाट्याची. सगळ्यांना वरचा तोच सरंजाम चालतो का? आणि तुमच्या मते कोणत्या गोष्टी असायलाच हव्यात, कोणत्या उगाच घातल्या जातात, हेही सांगा. प्रमाणासकट लिहिलंत तर फार बरं होईल.

---

कोरडा_हात

पहिल्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच, पाणी. टोमॅटो आणि आइसबर्ग लेट्यूस यांच्यात वजनाच्या जवळपास ९५ टक्के पाणीच असतं, कांद्यातही ८९ टक्क्यांच्या आसपास. वर पॅटीचा गरम रस. म्हणून सॉस कमी करून काहीच फरक पडत नाही. उलट मेयोसारखा तेलकट सॉस बनला वाचवतो, कारण पाणी तेलाच्या थरातून सहज उतरत नाही. तुम्ही नेमका तोच कमी करताय.

सुरुवात बनपासून करा. कापलेल्या बाजूला लोणी अगदी कडेपर्यंत लावायचं, दोन्ही अर्ध्यांना मिळून साधारण १० ग्रॅम. मध्यम आचेवर तव्यावर पालथे घालून दीड ते दोन मिनिटं भाजायचे. हाताने हलकेच दाबा, म्हणजे मधला खोलगट भागही तव्याला टेकेल. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. कडा सोनेरी होतात, मधला पैशाएवढा भाग पांढराच राहतो आणि बन बरोबर तिथूनच भिजून फाटतो. भाजलेल्या बाजूवरून बोट फिरवा, सगळीकडे सारखं खरखरीत लागलं पाहिजे. आच मोठी केली तर रंग लवकर येतो, पण कुरकुरीत थर तयार होत नाही आणि तो दोन मिनिटांत मऊ पडतो. लोण्याऐवजी मेयोचा पातळ हात दिला तरी चालतं. त्याने रंग जास्त एकसारखा येतो.

आता टोमॅटो. चकती ५-६ मिमी जाड हवी. त्याहून पातळ असली तर लगदा होतो, जाड असली तर दातांनी न तुटता अख्खीच्या अख्खी ओढली जाते. शक्यतो बनच्या मापाचा मोठा, मांसल टोमॅटो घेऊन एकच चकती ठेवा. दोन छोट्या चकत्या एकमेकींवर चढल्या की घसरल्याच म्हणून समजा. चकत्या स्वच्छ सुती फडक्यावर मांडायच्या, वरून चिमूटभर मीठ भुरभुरायचं, १० मिनिटं थांबायचं आणि वरची बाजूही टिपून घ्यायची. चकती उचलली की फडक्यावर ओला गोल दिसतो. तेवढं पाणी एरवी बनमध्ये गेलं असतं. शिवाय मीठ आत मुरल्याने चव वाढते ती वेगळीच. पाणी नको म्हणून बियांभोवतीचा गर मात्र काढून टाकू नका. टोमॅटोची खरी उमामी (खमंग, रसदार) चव त्या गरातच जास्त असते. आणि टोमॅटो फ्रीजमधून थेट बर्गरमध्ये घालू नका. अर्धा तास आधी बाहेर काढा, गार टोमॅटोला चवच लागत नाही.

लेट्यूसची पानं बर्फाच्या पाण्यात १०-१५ मिनिटं बुडवली की ताठ होतात. पण पुढचं काम जास्त महत्त्वाचं आहे: ती पूर्ण कोरडी करायची. फडक्यात गुंडाळून झटका, मग पसरून ठेवा. ओल्या पानावर सॉस टिकत नाही, आणि पानावरचे थेंब सॉस पातळ करून खाली बनपर्यंत नेतात.

पॅटीही तव्यावरून थेट बनवर नको. जाळीवर एक-दोन मिनिटं ठेवली की सुटा रस खाली गळून जातो.

---

थरावर_थर

वरचं सगळं पटलं. मी क्रमाबद्दल लिहितो, कारण घसरण्याचं निम्मं कारण क्रमात असतं.

नियम असा की दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना टेकता कामा नयेत. टोमॅटोवर सॉस, सॉसवर अख्खं लेट्यूसचं पान, टोमॅटोवर अवोकाडो, या तिन्ही जोड्या घसरतात. मध्ये काहीतरी खरखरीत किंवा चिकट हवं. वितळलेलं चीज हा सगळ्यात चांगला गोंद. कांद्याच्या चकत्या किंवा पिकल्सचे (व्हिनेगरात मुरवलेल्या काकडीचे) काप पॅटीवरचं चीज मऊ असतानाच त्यात हलके दाबून बसवा, मग ते हलत नाहीत.

मी खालून वर असा लावतो: भाजलेला बन, सॉसचा पातळ थर, पिकल्स, चीज वितळलेली पॅटी, चीजमध्ये रुतवलेला कांदा, टोमॅटो, बारीक चिरलेलं लेट्यूस, आणि वरच्या बनला आतून सॉस. चिरलेलं लेट्यूस सॉसमध्ये अडकतं, टोमॅटोला खालून कांद्याची पकड मिळते. सगळा मिळून सॉस दीड मोठा चमचा, म्हणजे २०-२५ ग्रॅम. (मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा.) १० सेंमीच्या बनला तेवढा पुरतो. सॉस मध्यभागी ढिगासारखा घालू नका, दाब पडला की तो बाहेरच येतो. कडेपासून बोटभर जागा सोडून पसरवा.

उंचीही बघा. बर्गर हलका दाबल्यावर ७-८ सेंमीपेक्षा उंच असेल तर माणूस वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा खातो, आणि मग चवी एकत्र येतच नाहीत. एक गोष्ट वाढवायची असेल तर आधी दुसरी काढा.

---

कोरडा_हात

@थरावर_थर, लेट्यूसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लगेच खायचा असेल तर एक अख्खं, पूर्ण कोरडं पान घडी घालून पॅटीच्या *खाली* ठेवावं. पॅटीचा रस त्या पानाच्या वाटीत थांबतो, बनपर्यंत जात नाही.

---

थरावर_थर

ताबडतोब खायचा असेल तर मान्य. पण पॅटीच्या उष्णतेने ते पान तीन-चार मिनिटांत मलूल होतं आणि मग तेच पाणी सोडायला लागतं. बर्गर ताटात थोडा वेळ राहणार असेल, किंवा आठ-दहा जणांसाठी एकदम लावायचे असतील, तर पान वरच बरं. डब्यात न्यायचा असेल तर गरम भाग एका कागदात, गार भाग दुसऱ्या डब्यात आणि सॉस वेगळा. गरम बर्गर कागदात गच्च गुंडाळला की आतल्या वाफेने भाजलेला बनसुद्धा मऊ पडतो.

---

पातळ_काप

चीजकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

चीज वितळणं म्हणजे त्यातली चरबी पातळ होणं आणि प्रथिनांची जाळी सैल होऊन वाहणं. ही दोन्ही कामं एकाच वेगाने झाली पाहिजेत. बरेच महिने मुरवलेल्या चेडारमध्ये प्रथिनं तुटून जाळी कमकुवत झालेली असते आणि पाणीही कमी असतं. त्यामुळे चरबी आधी बाहेर पडते, आणि तुम्हाला तेल सोडलेलं, वर दाणेदार दिसणारं चीज मिळतं. बर्गरसाठी कोवळं चेडार, गौडा किंवा माँटेरे जॅक घ्या. मोझरेला वितळतं छान, पण त्याच्या तारा लांब येतात आणि एका घासात सगळा थर ओढला जातो. शिवाय ते चवीला सौम्य, सॉसपुढे त्याचं काही चालत नाही. पनीर आणि हलूमी तापवल्यावर मऊ होतात, पण वाहत नाहीत. ते घालायचे तर पातळ काप तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल परतून कुरकुरीत थर म्हणून घाला, गोंद म्हणून नाही.

प्रोसेस्ड चीजच्या स्लाइसला नाक मुरडणारे खूप आहेत, पण पातळ पॅटीवर तिच्यासारखी वितळणारी दुसरी गोष्ट नाही. तिच्यातले सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार चरबी आणि पाण्याला एकत्र धरून ठेवतात, म्हणून ती तेल सोडत नाही. हे चीज स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली सोडियम सायट्रेट वापरून तयार झालं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट मिळवलं.

मुरलेल्या चीजचीच चव हवी असेल तर त्याचा सॉस करा. १०० मिली दूध किंवा पाणी, त्यात ४ ग्रॅम सोडियम सायट्रेट विरघळवायचं, मंद उकळी आली की ११० ग्रॅम किसलेलं चीज थोडं थोडं घालत फेटायचं. गार झाल्यावर घट्ट होतो, परत तापवला की सुरळीत होतो. वजनकाटा वापरा. सायट्रेट अंदाजाने जास्त पडलं तर खारट, साबणासारखी चव येते.

आता "वितळतच नाही" याबद्दल. चीज बहुतेक वेळा फ्रीजमधून थेट, जाड कापून आणि शेवटच्या क्षणी घातलेलं असतं. काप २ मिमीचा ठेवा, १०-१५ मिनिटं आधी बाहेर काढा, पॅटी तयार व्हायला एक मिनिट असताना वर ठेवा. पॅटीच्या बाजूला तव्यावर छोटा चमचाभर पाणी टाकून लगेच उंच झाकण घाला. ३० ते ४५ सेकंदांत वाफेने चीज कडेने खाली ओघळायला लागतं. कोपरे वाकले की झाकण काढा. जास्त ठेवलं तर चीज पॅटीवरून उतरून तव्यावर जळतं.

पाणी पॅटीवर नाही, तव्यावर.

---

आंबट_बाजू

सॉस माझ्याकडे. आधी बर्गर सॉस, साधारण आठ बर्गरना पुरेल एवढा:

मेयो ६ मोठे चमचे, केचप २ मोठे चमचे, पिवळा मस्टर्ड १ मोठा चमचा, अगदी बारीक चिरून पिळून घेतलेली काकडीची पिकल्स २ मोठे चमचे, व्हिनेगर १ छोटा चमचा, लसूण पावडर, कांदा पावडर आणि पॅप्रिका प्रत्येकी अर्धा छोटा चमचा. मिसळून निदान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पावडरींना ओल शोषायला वेळ लागतो. लगेच चाखलात तर पीठूळ लागेल आणि तुम्ही उगाच मीठ वाढवाल.

विकतचा सॉस गोड लागतो कारण केचपमध्ये मुळातच १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम साखर असते, आणि वर वेगळी साखरही घातलेली असते. घरी केचप दोन चमच्यांवर थांबवा. रंग कमी वाटला तर पॅप्रिका वाढवा, केचप नको. ताजा लसूण वाटून घालू नका. सॉस ठेवल्यावर कच्च्या लसणाचा उग्रपणा वाढत जातो, दुसऱ्या दिवशी फक्त लसूणच लागतो.

अंड्याचा मेयो: एक पिवळा बलक, छोटा चमचा मस्टर्ड, दोन छोटे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ, आणि २०० मिली वास नसलेलं तेल. सगळं खोलीच्या तापमानाला हवं. पहिले दोन-तीन चमचे तेल अक्षरशः थेंबाथेंबाने. मिश्रण दाट आणि अपारदर्शक दिसायला लागलं की बारीक धार चालते. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरच्या वेगात कडू होतं, ते टाळा. अंडं कच्चंच राहतं, म्हणून पाश्चराइज्ड अंडी मिळाली तर तीच वापरा. मेयो फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, आणि ताटावर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

बिनअंड्याचा मेयो दुधावर फार छान होतो. १०० मिली सायीचं दूध, २०० मिली तेल, अर्धा छोटा चमचा मीठ. उंच, अरुंद भांड्यात आधी दूध, वर तेल. हँड ब्लेंडर तळाला टेकवा आणि *न उचलता* १५-२० सेकंद फिरवा. खालून पांढरं दाट होत वर येताना दिसेल. मग हळूहळू वर उचला. शेवटी दोन छोटे चमचे लिंबाचा रस घालून एकदाच फिरवा. आंबट पडताक्षणी तो आणखी घट्ट होतो. लिंबू सुरुवातीला घातलंत तर दूध फुटू शकतं आणि मेयो बसेलच असं नाही. साध्या मिक्सरच्या मोठ्या भांड्यात हा जमत नाही, पाती दुधाच्या वरच फिरतात. छोटं चटणीचं भांडं असेल तर तेल तीन-चार हप्त्यांत घाला.

---

रविवारचा_तवा

फार उपयोगी, धन्यवाद. आणखी तीन शंका. मेयो फाटला तर टाकूनच द्यायचा का? मस्टर्ड घरी करता येतो का? आणि लाल परतलेल्या कांद्याला खरंच पाऊण तास लागतो का, १५ मिनिटांत होतो असंही वाचलं आहे.

---

आंबट_बाजू

टाकू नका. फाटलेला मेयो म्हणजे तेल आणि पाणी वेगळे झालेत, खराब काही झालेलं नाही. नुकताच फाटायला लागला असेल, कडेने तेल चकाकत असेल, तर छोटा चमचाभर कोमट पाणी घालून जोरात फेटा. पुष्कळदा तेवढ्यावर सावरतो, कारण तेल जास्त झालेलं असतं आणि त्याला सामावून घ्यायला पाणी कमी पडलेलं असतं. पूर्णच फाटला असेल तर दुसऱ्या वाडग्यात नवा बलक किंवा छोटा चमचा मस्टर्ड घ्या आणि फाटलेलं मिश्रण *तेलासारखं* थेंबाथेंबाने त्यात फेटत जा. दुधाचा मेयो फाटला तर नवीन दोन चमचे दुधावर हाच प्रकार करा, फक्त लिंबू आधीच पडलेलं असेल तर यश मिळेलच असं नाही.

मस्टर्ड घरी सहज होतो. २ मोठे चमचे मोहरीची पूड, २ मोठे चमचे *थंड* पाणी. कालवून १० मिनिटं ठेवा, मग १ मोठा चमचा व्हिनेगर, पाव छोटा चमचा मीठ, छोटा चमचा मध किंवा साखर, रंगाला चिमूटभर हळद. मोहरीचा झणका पुडीत तयार नसतो. पाणी लागलं की मोहरीतलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो तयार होतो. उकळतं पाणी घातलं तर विकर मरतं, उरतो फक्त कडवटपणा. व्हिनेगर लगेच घातलं तर काम मंदावतं आणि मस्टर्ड मिळमिळीत होतो. म्हणून ती १० मिनिटं महत्त्वाची. पहिल्या दिवशी कडवट लागतो, फ्रीजमध्ये एक रात्र राहिला की निवळतो.

एक युक्ती: खिम्याच्या पॅटीची पहिली बाजू तव्यावर असताना वरच्या कच्च्या बाजूला छोटा चमचा मस्टर्ड फासा आणि मग उलटा. झणका उष्णतेने जातो, आंबट-खमंग थर मागे राहतो. केचपला हे करू नका, त्यातली साखर करपते.

---

पातळ_काप

कांद्याचं मी सांगते. १५ मिनिटांत कांदा *गुलाबी-तपकिरी* होतो, गोड आणि जॅमसारखा होत नाही. त्याला मध्यम-मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं लागतातच.

५०० ग्रॅम कांदा ३-४ मिमीचा उभा चिरा, म्हणजे देठापासून मुळाकडे. आडवा चिरला तर लवकर विरघळतो. जाड बुडाच्या पातेल्यात १ मोठा चमचा लोणी, १ मोठा चमचा तेल, कांदा, अर्धा छोटा चमचा मीठ. पहिली १० मिनिटं झाकण ठेवा, कांदा आपल्याच पाण्यात मऊ होतो. झाकण काढल्यावर पाणी आटेपर्यंत रंग फारसा बदलत नाही, इथेच लोक कंटाळून आच वाढवतात आणि कडा करपवतात. साधारण पंचविसाव्या मिनिटाला तळाशी तपकिरी थर धरायला लागतो. तो करपलेला नाही, तीच चव आहे. दोन चमचे पाणी टाका, लाकडी उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळा. पुन्हा धरला की पुन्हा पाणी. हे तीन-चारदा झालं की कांदा गडद सोनेरी, चकचकीत होतो आणि चमच्याने ओढल्यावर तळ दिसतो. ५०० ग्रॅमचा जेमतेम १२५-१५० ग्रॅम उरतो, म्हणजे पाच-सहा बर्गरचा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो, त्यामुळे एकदम किलोभर करणंच परवडतं.

चिमूटभर खायचा सोडा घातला तर वेळ बराच कमी होतो हे खरं, पण कांद्याच्या पेशी कोसळतात आणि लगदा होतो. सॉसमध्ये मिसळायचा असेल तर चालेल. बर्गरवर कांद्याची तार दिसायला हवी असेल तर नको.

कच्चा कांदा २ मिमीच्या गोल चकत्यांत हवा. कापल्यावर त्याचा उग्रपणा वाढत जातो, म्हणून थंड पाण्यात १० मिनिटं ठेवून निथळून, टिपून घ्या. तिखटपणा जातो, कुरकुरीतपणा राहतो. इथेही टिपणं विसरू नका.

---

मुरलेली_काकडी

पिकल्सशिवाय बर्गर मला अर्धवटच वाटतो, म्हणून त्यांची कृती देतो.

२५० ग्रॅम लहान, घट्ट काकडी. फुलाकडचं टोक ३-४ मिमी कापून टाका. त्या टोकात काकडी मऊ पाडणारी विकरं असतात. बाकीच्या ३ मिमीच्या चकत्या. अर्धा छोटा चमचा मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, मग धुऊन टिपा. १२० मिली व्हिनेगर (५ टक्के आम्लतेचं), १२० मिली पाणी, दीड छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा मोहरी, शेपूची दोन काड्या, चार मिरी. उकळी आणून काचेच्या बरणीतल्या काकडीवर ओता, गार झाल्यावर फ्रीजमध्ये. दोन तासांनी खाता येतात, दुसऱ्या दिवशी खऱ्या लागतात, दोन आठवडे चांगल्या राहतात. हे फ्रीजमधलं लोणचं आहे, बाहेर ठेवून टिकणारं नाही. पाणी वाढवून व्हिनेगर कमी करू नका. याच पाण्यात हालापिन्यो (मेक्सिकन हिरवी मिरची) किंवा लाल कांदाही मुरवता येतो. हालापिन्योचा तिखटपणा बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरांत जास्त असतो, कमी तिखट हवं तर त्या शिरा खरवडा.

बर्गरमध्ये घालताना चार-पाच चकत्या, एका थरात, बन झाकेल अशा पसरून. मध्ये ढीग केला तर एक घास नुसता आंबट आणि बाकीचे घास कोरडे.

---

थरावर_थर

राहिला प्रश्न कोणत्या पॅटीला काय. आधी पॅटीत चरबी किती आहे ते बघायचं, मग ती मऊ आहे की कडक ते बघायचं.

२० टक्के चरबीच्या खिम्याच्या पॅटीला आंबट आणि कुरकुरीत हवं. मस्टर्ड, पिकल्स, कच्चा कांदा, एक चीज. मेयो नावापुरता. तिच्यावर चीज, मेयो आणि अवोकाडो तिन्ही घातले तर जिभेवर नुसतं तूपट लागतं आणि मांसाची चव हरवते.

चिकनची पॅटी कोरडी असते, तिला मेयोचा सॉस सढळ हाताने द्या किंवा अवोकाडो. अवोकाडोचे काप नकोत, ते साबणासारखे घसरतात. अर्धा अवोकाडो काट्याने ठेचून त्यात मीठ आणि छोटा चमचा लिंबू घाला, बनला लावा. लिंबाने काळा पडायचाही थांबतो. तळलेली, बाहेरून कुरकुरीत चिकन पॅटी असेल तर सॉस फक्त बनला, पॅटीवर थेंबही नको.

राजमा आणि बटाट्याच्या पॅटीत सगळ्यात जास्त चुका होतात. ती आतून मऊ, पिठूळ आणि गोडसर असते. तिच्यावर परतलेला गोड कांदा, अवोकाडो, मऊ चीज घातलं की पूर्ण घास एकाच पोताचा होतो. तिला कच्चा कांदा, पिकल्स, तिखट सॉस आणि कोबी हवा. २०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून अर्धा छोटा चमचा मीठ लावा, २० मिनिटांनी घट्ट पिळा, मग २ मोठे चमचे मेयो आणि १ छोटा चमचा व्हिनेगर. पिळला नाही तर तासाभरात वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं. चिरलेल्या लेट्यूसपेक्षा हा कोबी गरम पॅटीवर कितीतरी जास्त वेळ टिकतो.

मशरूम कोणत्याही पॅटीवर चालतात, पण कोरड्या गरम तव्यावर आधी त्यांचं पाणी आटवा. २५० ग्रॅमला ८-१० मिनिटं, मीठ-लोणी शेवटी. सुरुवातीला लोणी घातलं तर ते स्पंजासारखं पिऊन टाकतात.

उगाच घातल्या जाणाऱ्या गोष्टी: कच्ची ढोबळी मिरची (सगळ्यावर तिचाच वास), ताज्या काकडीच्या जाड चकत्या (नुसतं पाणी), मक्याचे दाणे आणि अख्खे ऑलिव्ह (गडगडतात).

---

रविवारचा_तवा

आज राजम्याच्या पॅटीवर करून पाहिला. बन दाबून भाजला, टोमॅटो टिपून घेतला, कोबी पिळला, दुधाचा मेयो वापरला. दहा मिनिटांनंतरही खालचा बन कोरडा होता. फक्त कोबी थोडा खारट झाला.

---

थरावर_थर

पिळण्याआधी एकदा पाण्यातून काढा आणि मग घट्ट पिळा. मेयोत मीठ आहेच, त्यामुळे कोबीला वेगळं मीठ फक्त पाणी काढण्यापुरतं. पिकल्सही खारट असतील तर टोमॅटोवरचं मीठ निम्मं करा.